गुडघ्यापर्यंतची शपथ

ती. आक्का हिस,

ठोंब्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द इथे अगदी शब्दशः घे. आमच्या घरातली माणसं सध्या रोज सकाळी वाळूवर पालथी पडून एका दमात उठायचा सराव करतात, त्यामुळे ज्या नमस्कारासाठी लहानपणी तुला माझी मान धरून वाकवावी लागायची, तो आता आमच्याकडे पैशाला पासरी झाला आहे.) पहिल्या ओळीवर डाग पडला आहे तो पाण्याचा आहे. डोळ्यांतल्या नव्हे, तेव्हा काळजी नसावी.

तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाब, कंबर आणि वरची कवळी यांची चौकशी नेहमीप्रमाणे आहेच, पण या खेपेला घसा कसा आहे ते मुद्दाम कळव. खवखव, कोरडा खोकला, गिळताना टोचणं, आवाज बसणं असं काही, विशेषतः गेल्या मंगळवारपासून? तसं कारण काही नाही. हवा सगळीकडेच खराब आहे. दाजींना माझा नमस्कार सांग, आणि सकाळी उठल्यावर ते तुला प्यायला कोमट पाणी देतात की नाही हेही कळव.

तुझं पत्र पोचलं. त्यात तू तीन प्रश्न विचारले आहेस. बारा दिवसांसाठी गेलेली माणसं पाचवा महिना लागला तरी परत का येत नाहीत. माझी बायको या वयात समुद्रात फळीवर उभी राहते असं दाजींच्या कानावर आलं ते खरं का. आणि मी पाण्यापासून जपून आहे ना. पहिल्या दोहोंची उत्तरं सविस्तर देतो. तिसऱ्याकडे ओघाने येईनच. (हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तुला ऐकू जायचं तर मला ओरडावं लागतं, आणि इथल्या भिंती फळकुटांच्या आहेत.)

आम्ही आलो ते चिरंजीवांच्या मानेमुळे. दिवसभर संगणकापुढे बसून ती आखडली होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं, काहीतरी हालचाल करा. दुसरा कुणी असता तर सकाळी फिरायला गेला असता. हा सहकुटुंब समुद्रावर आला, फळीवर उभं राहून लाटांवरून घसरत येण्याची विद्या शिकायला. संगणक बरोबर असला की याची कचेरी कुठूनही चालते, आणि नातीची शाळाही त्याच डब्यात येते, त्यामुळे हाकलून द्यायला कुणी नाही. पहिल्याच संध्याकाळी जेवताना त्याने जाहीर केलं, की घरातला प्रत्येक जण एकदा तरी फळीवर नीट उभा राहिल्याशिवाय परत जायचं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ‘प्रत्येक जण’ यात मीसुद्धा येतो हे माझ्या ध्यानात आलं नाही. वजनमापं खात्यात चौतीस वर्षं नियम वाचण्यात घालवलेल्या माणसाने ही चूक करायला नको होती.

नातीने त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता चिकटवला. पाच नावं, पाच चौकोन. किनाऱ्यावर उभं राहून तीन आकडे मोजेपर्यंत जो फळीवर टिकेल, त्याच्या चौकोनात बरोबरची खूण. तिची स्वतःची दुसऱ्या दिवशी झाली (वय वर्षं नऊ, हाडं अजून मऊ). सूनबाईंची नवव्या दिवशी. चिरंजीवांना पाच आठवडे लागले. तुझ्या भावजयीचं पुढे सांगतो. पाचवा चौकोन ‘आजोबा’ असा आहे, तो रिकामा आहे, आणि रोज सकाळी चहा घेताना तो माझ्यासमोर असतो. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की आमचा मुक्काम लांबला तो माझ्यामुळे.

राहायला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे, खाली मास्तरांचं दुकान. मास्तर सकाळी लोकांना फळी चालवायला शिकवतात आणि त्यात लोकांनी मोडलेल्या फळ्या दुपारी दुरुस्त करतात, म्हणजे धंदा दोन्ही बाजूंनी सुरक्षित आहे. फळ्यांना लावायच्या रसायनाचा वास जमिनीच्या फटींतून वर येतो. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, आता तो वास नसला तर जेवण जात नाही. वाळू सर्वत्र आहे. अंथरुणात, साखरेच्या डब्यात, माझ्या चष्म्याच्या बिजागरीत. घड्याळाचं काम फ्रिजवर लावलेलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक करतं. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून आमचं जेवणही सरकतं. एका आठवड्यात अकराला पान वाढतात, पुढच्या आठवड्यात चारला. मधे एक जेवण कुठेतरी हरवलंच. मी चौकशी केली, कुणालाही ते आठवत नव्हतं.

न्हाणीघरात पहिल्या दिवशी मला एक पांढरी, सुवासिक वडी सापडली. मी तिने मन लावून आंघोळ केली. फेस येईना म्हणून जोराने घासली. (इथलं पाणी जड असावं असा माझा तर्क.) ती वडी मेणाची होती. पाय घसरू नये म्हणून फळीच्या पाठीला फासतात ते चिकट मेण. पुढचे तीन दिवस माझ्या अंगावरून पाणी ताडपत्रीवरून ओघळावं तसं ओघळत होतं, आणि जिथे बसेन तिथली वस्तू माझ्याबरोबर उठत होती. एकदा मी अख्खं वर्तमानपत्र पाठीला घेऊन दुकानात जाऊन आलो. मास्तरांनी मागच्या मागे मथळे वाचून घेतले आणि अवाक्षर काढलं नाही. माणूस सभ्य आहे.

चिरंजीवांची मान सुधारली, नाक बिघडलं. या खेळात माणूस पडला की समुद्र नाकात शिरतो आणि आत कुठेतरी बिऱ्हाड करून राहतो. मग तासा-दोन तासांनी, तुम्ही कोरडे होऊन, भांग पाडून बसलात आणि सहज खाली वाकलात, की नाकातून धार लागते. सूचना वगैरे काही नाही. याची पडद्यावर कचेरीची बैठक चालू होती. वर शर्ट, खाली ओली चड्डी, समोर बारा जण आणि मोठे साहेब. साहेबांनी एक अवघड प्रश्न विचारला, हा कागद बघायला म्हणून खाली वाकला आणि पेलाभर पाणी त्याच्या नाकातून टेबलावर सांडलं. साहेबांना वाटलं, आपण फारच टाकून बोललो. त्यांनी त्याला दोन दिवसांची रजा दिली आणि मनाला लावून घेऊ नकोस म्हणाले. रजेत तो समुद्रावरच होता.

आता दुसरा प्रश्न. दाजींनी ऐकलं ते खरं आहे. घरी दुसऱ्या मजल्यावर चढताना हिचे गुडघे कुरकुरायचे हे तुला ठाऊक आहेच. ती इथे नातीचा टॉवेल धरायला आली होती. अकराव्या दिवशी मास्तर म्हणाले, “काकू, टॉवेल कुणीही धरेल.” एवढंच. ही गेली. आता या विद्येत पालथ्या अवस्थेतून एका झटक्यात उभं राहायचं असतं, आणि भले भले तरणे तिथेच कोलमडतात. हिने झटका वगैरे काही मारला नाही. आयुष्यभर जमिनीवर बसून भाज्या निवडून झाल्यावर ती जशी उठते तशीच उठली. आधी एक गुडघा टेकला, मग त्यावर हात, मग “आई गं”, आणि उभी. तीन झाले, पाच झाले, आठ झाले, बाई किनाऱ्याला लागून फळीवरून पायरी उतरावी तशी उतरली आणि पहिल्यांदा पदर शोधायला लागली. (पदर नव्हता. सूनबाईंचा पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख होता. त्याबद्दल मी काही बोलत नाही. तो काढायला दोन माणसं लागतात एवढंच नोंदवतो.) आता मास्तर नवशिक्यांना रांगेत बसवून हिचं उठणं दाखवतात, आणि ती तरणी पोरं एका गुडघ्यावर हात ठेवून सुरात “आई गं” म्हणतात.

मी मात्र किनाऱ्यावर चपला सांभाळत असल्यामुळे मला निरीक्षणाला भरपूर वेळ मिळाला, आणि त्यातून एक वाद उद्भवला. इथले लोक लाटेची उंची फुटांत सांगतात. मास्तर म्हणाले, आज तीन फूट. मी पाहतो तर लाट त्यांच्या डोक्यावरून जात होती आणि मास्तर पावणेसहा फूट आहेत. मी एक बांबू आणून त्यावर इंच-इंचाच्या खुणा केल्या, ओहोटीला मास्तरांकडून तो रोववून घेतला, आणि आठ दिवस मोजमाप घेतलं. प्रत्येक लाट सांगितलेल्या मापाच्या जवळजवळ दुप्पट भरली. मास्तर म्हणाले, “काका, आम्ही लाट मागून मोजतो. समुद्राच्या बाजूने ती निम्मीच भरते.” आक्का, माझी सारी नोकरी कमी भरून जास्त सांगणाऱ्यांच्या मागे धावण्यात गेली. तराजूच्या खाली चिकटवलेली चिंच मी पकडली आहे, पोकळ वजनं पकडली आहेत. जास्त भरून कमी सांगणारी माणसं मी इथे पहिल्यांदा पाहिली. यांच्यावर कोणतं कलम लावायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

बांबू मी स्वतः का रोवला नाही, हा पुढचा प्रश्न कुणीही विचारील. सगळे विचारत. मी पाण्यात का उतरत नाही याचं खरं कारण जगात दोनच माणसांना माहीत आहे, एक तू आणि एक मी. हिला मी छत्तीस वर्षं सांगत आलो की माझ्या कानात दोष आहे.

तुला आठवण करून द्यायला नको, पण लिहायला बसलोच आहे. घरामागची ती दगडाची खाण, तीत साठलेलं हिरवं पाणी. मी नऊ वर्षांचा, तू तेरा. माझी एक चप्पल पाण्यात गेली आणि मी चपलेच्या मागोमाग गेलो. तू केसांना धरून मला वर ओढलंस. (डोक्याच्या त्या भागावर पुढे केस विरळच आले. तक्रार नाही.) पाठीत दोन धपाटे घातलेस, मग माझा ओला हात स्वतःच्या गळ्यावर ठेवलास आणि माझ्याकडून वदवून घेतलंस: पुन्हा जन्मात गुडघ्याच्या वर पाण्यात जाणार नाही, गेलो तर माझी आक्का मरेल. आणि मग तू रडायला लागलीस. तुला रडताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. बुडताना वाटली नव्हती इतकी भीती मला तेव्हा वाटली.

त्याला चोपन्न वर्षं झाली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मांजर आडवं गेलं तर मी फक्त त्याला आधी जाऊ देतो, एवढंच. पण गळा तुझा आहे, माझा नाही, आणि दुसऱ्याच्या मालावर जोखीम घेऊ नये असं मला वाटतं. आई-दादा गेले, मला ठोंब्या म्हणणारं जगात आता तूच एक उरलीस. म्हणून मी ही शपथ मोजूनमापून पाळली. मुळात माप संदिग्ध होतं. कोणाच्या गुडघ्याच्या वर? नऊ वर्षांच्या ठोंब्याचा गुडघा जमिनीपासून चौदा इंचांवर असावा, आताचा वीस इंचांवर आहे. मी शंकेचा फायदा तुला देत आलो आणि चौदा धरले. इथे आल्यावर मी दोन्ही पायांवर चौदा इंचांवर निळ्या पेनाने रेघ ओढून घेतली होती, आणि लाट रेघेला लागायच्या आत मागे सरत होतो. लोकांना वाटायचं, म्हातारा नाचतो आहे.

चार महिने हे निभावलं. मग सूनबाईंना माझी दया आली. मुलगी मनाने फार चांगली आहे, चांगल्या माणसांचाच जास्त त्रास होतो. तिने मला न विचारता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि गेल्या सोमवारी सगळे मला मिरवत घेऊन गेले. डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं, घंट्या वाजवल्या, आणि म्हणाले की असे कान त्यांनी विशीतल्या माणसाचेही पाहिलेले नाहीत. लेखी दाखला दिला. नात टाळ्या वाजवत होती. ही माझ्याकडे बघत होती. खोलीवर आल्यावर चप्पल काढताना म्हणाली, “म्हणजे छत्तीस वर्षं माझं सगळं ऐकू येत होतं तर.”

दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो आणि नात तिला विचारत होती, आता आजोबा कधी उभे राहणार. ही म्हणाली, “त्यांना घाई करू नकोस. आणि ते उभे राहिले की आपल्याला घरी जायचंय, आहे ना लक्षात?” हे ती इतक्या हळू बोलली की ज्याच्या कानात खरंच दोष असता त्याला ऐकूच गेलं नसतं.

तेव्हा तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मी पाण्यापासून जपून आहे. सोमवार संध्याकाळपर्यंतची ग्वाही मी लेखी देतो.

बाकी इकडे सगळी खुशाल आहेत. वडीलधाऱ्यांत आता तूच, तेव्हा स्वतःला जप, थंड काही खाऊ नकोस, बोलणं कमी ठेव.

तुझा,
ठोंब्या

ता. क. आमच्या गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला तू जिने चढतेस असं कळलं. चढू नकोस. कुंड्या सरळ तुझ्याकडे घेऊन जा आणि ठेवूनच घे.

ता. क. दुसरा. मुख्य काम सांगायचं राहिलं. लहानपणी आपण शपथ घालायचो तशी सोडवायचोही. घालणाऱ्याने ‘सुटली’ म्हटलं की सुटायची, तिथल्या तिथे, कुणाचं काही वाकडं न होता. तोंडी घातलेली शपथ लेखी सोडवायला हरकत नसावी. एका कार्डावर ‘ठोंब्याची शपथ सुटली’ एवढंच लिही आणि खाली सही कर. साक्षीदार म्हणून दाजींची घेतलीस तर उत्तम.

ता. क. तिसरा. कार्डावर तारीख गेल्या सोमवारची घाल. चौतीस वर्षांत मी एकाही कागदावर मागची तारीख घातली नाही, घालू दिली नाही, आणि घालणारे दोघे निलंबित केले. हे सगळं आठवून मी तुला ही विनंती करतो आहे.

ता. क. चौथा. तुझ्यापासून काय लपवायचं. मंगळवारी पहाटे, सगळे झोपलेले असताना, मी मास्तरांना घेऊन उतरलो. चौदा इंच झाले, वीस झाले, मग मोजायचं राहून गेलं. नऊ वेळा पडलो. दहाव्यांदा उभा राहिलो, हिच्यासारखाच, गुडघ्यावर हात ठेवून, आणि मास्तरांनी तीन मोजले. नीट विचार केलास तर त्या तीन आकड्यांपुरती तुझी शपथ पूर्ण पाळली गेली, कारण पाणी माझ्या तळपायाखाली होतं. मोडली ती आधी आणि नंतर. मी मोठ्याने हसत होतो असं मास्तर म्हणतात. मला वाटलं, दुसरंच कुणी हसतंय. बुधवारी पुन्हा गेलो. त्यानंतर रोज जातो. पहिल्या ओळीवरचा डाग आज सकाळचा आहे, तुला साष्टांग घालायला कागदावर वाकलो आणि नाकातून आला. तक्त्यावर मी अजून खूण केलेली नाही. खूण झाली की सामान बांधायचं, आणि घरी जिने आहेत, आणि हिचे गुडघे इथे कुरकुरत नाहीत. तिला यातलं काही माहीत नाही. बुधवारपासून मात्र दाराबाहेर एक कोरडा टॉवेल घडी करून ठेवलेला असतो. कोण ठेवतं ते मी विचारलेलं नाही.

ता. क. पाचवा. कार्ड साध्या टपालाने पाठव. महिना लागला तरी चालेल, दोन लागले तर बरंच. घशाचं मात्र हे पत्र हातात पडताच फोन करून कळव. तुला माझं ऐकू येणार नाही, मी ओरडणारही नाही. तू काही बोलू नकोस. फक्त एकदा चांगली मोठ्याने खाकर आणि ठेवून दे. मला ऐकू येईल, डॉक्टरांचा दाखला आहे.